पूर्ण पाऊल

देऱ्याहून टॅक्सीने पाऊण तास,
मग मॉलचा दुसरा मजला, चपलांच्या दुकानासमोर
हिमनदी.
चाळीस मिनिटं, वाटाड्यासह. साठीपुढच्यांना सूट.
ह्यांनी ओळखपत्र दिलं. मी पासपोर्ट,
त्यात एकच शिक्का, तीन आठवड्यांपूर्वीचा.

फॉर्मवर विचारलं होतं : रक्तदाब? गुडघे? चक्कर?
मुरलीधर बाबाजी पेडणेकर, वय चौसष्ट,
ह्यांनी सगळीकडे 'नाही' लिहिलं.
मी बघितलं. गोळ्या माझ्याच पर्समध्ये होत्या.

दुसऱ्याच्या घामाचे कोट,
बुटांखाली लोखंडी दातांची पट्टी.
पायाला किसणी बांधलीय, मी म्हटलं.
वाटाड्या पोरगा उगाच हसला, मराठी न कळता.
बिल्ल्यावर नाव : पेम्बा.
हिंदीत म्हणाला, अंकल, आंटीचा हात धरा.
इथे नियम आहे.

एकतीस वर्षांतल्या सुट्ट्या जोडल्या
तर अडीच वर्षांचा संसार, वर थोडे दिवस.
चारचौघांत ह्यांनी हात धरला तो एकदाच,
आचऱ्याच्या खाडीत, होडी कलली तेव्हा,
तेही मनगट.
आता नियमाने धरला.
हातमोज्यात हातमोजा. आत कोण आहे
कळायला वेळ लागतो.

पूर्ण पाऊल एकदम टेका, पेम्बा सांगतो.
टाच आधी नको, चवडा आधी नको.
विचार करतो तो घसरतो.

मी निळ्या भेगेत वाकून बघते. तळाशी ट्यूबलाइट.
हे बघत नाहीत कशाकडेच, मान वाकडी करून
ऐकतात.
"ऐकलंस?"
मला नाही काही.
"खालच्या कॉम्प्रेसरचं बेअरिंग गेलंय. फार तर आठवडा."
ह्यांचा जन्म थंडीच्या मागच्या अंगाला गेला,
गच्चीवर, चिलरच्या पाठीशी,
जिथे थंडी करून उरलेली गरम हवा फेकतात.
फोनवर म्हणायचे,
इथे सगळीकडे एसी आहे, तू काळजी करू नको.
खोटं नव्हतंच ते.

तुझ्या गावाला असं असतं का रे, मी पेम्बाला विचारलं.
असायचं, म्हणाला. आजोबा चुलीवर चहा ठेवून
बर्फाला हात लावून यायचे, तोवर उकळी.
आता अर्धा दिवस चालायचं. मध्ये नुसते दगड.
"इथला रोज रात्री नवा पाडतात," हे म्हणाले,
"ही यंत्रं मी बसवलीत, दुसरीकडे."
म्हणजे माझी नोकरी तुम्हीच लावली, अंकल.
हसावं की काय ते कळेना.
तिघांच्या तोंडून वाफ आली, तेच हसू धरलं.

पुढे एक लहान मुलगी बर्फात फतकल मारून बसली,
उठेचना. पेम्बा तिच्याकडे पळाला.
आम्ही दोघं उतारावर.
हातातून बारीक थरथर येत राहिली.
मला वाटलं, तेच बेअरिंग.
मग बघितलं, ह्यांचा उजवा गुडघा.
बोलले काहीच नाहीत. मी पकड बदलली,
मनगटावर घेतली.

शेवटी फोटो. ऐंशी दिरहम.
मी वाट बघत राहिले, पण ह्यांनी
रुपयांत गुणाकार केला नाही. पाकीट काढलं.
फोटोत आमची तोंडं कोटात बुडालीत,
दोन गाठोडी कुणीतरी शेजारी ठेवावीत तशी.
असू दे. गुरुवारी विमान आहे, ह्या वेळी
परतीचं तिकीट नाही.

बाहेरच्या काचा सरकल्या आणि
भट्टीचं दार उघडावं तशी हवा आली.
दोघांचे चष्मे एकदम पांढरे.
टॅक्सी कुठे, रस्ता कुठे,
काही म्हणजे काही दिसेना.
सपाट, कोरडा, तापलेला फुटपाथ. बर्फाचं नाव नाही.
"कुमुद," हे म्हणाले, "पूर्ण पाऊल टेक."